समोर बघा, काकी

रत्नागिरीच्या इस्पितळात सगुणाचे दोन्ही गुडघे बदलायला घेतले. कमरेखाली सगळं बधिर, आणि ती अर्धवट गुंगीत. पडद्यापलीकडून ठोकठोक ऐकू आली. तिला वाटलं, नवरा हरिश्चंद्र तरुणपणीसारखा किनाऱ्यावर होडी बांधतोय आणि आपण जेवणाची टोपली घेऊन वाळूतून भराभर चाललोय.

"आधी दोन घास खाऊन घ्या," ती पुटपुटली.

"जेवण मागाहून, काकी. एक गुडघा झाला," डॉक्टर हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सने तिला वॉकर धरून उभं केलं. कळ मस्तकात गेली. बारा वर्षं ती फेंगड्या पायांनी, वाकून, जमिनीकडे बघत चालली होती. आताही नजर खालीच गेली.

"खाली नको. समोर बघा, काकी."

समोर हरिश्चंद्र उभा होता, ती पडलीच तर झेलायला दोन्ही हात पसरून. सगुणा हळूहळू ताठ झाली. नजर थेट त्याच्या डोळ्यांपर्यंत पोचली आणि तिथेच राहिली.

"काय गो, दुखतंय?" त्याने घाबरून विचारलं.

"नाय हो," ती म्हणाली. "तुमच्या भुवया कधी पांढऱ्या झाल्या?"