फ्रीजमधले मणी

पवईच्या प्रयोगशाळेतला फ्रीज ऐनवेळी बंद पडला आणि सुलक्षणाचा जीव टांगणीला लागला. वर्षभर खपून तिने जेलीच्या पांढऱ्या मण्यांत एंझाइम असं कोंडलं होतं, की अडकूनही ते काम करत राहायचं. फक्त गारवा हवा. दुसऱ्याच दिवशी परीक्षक येणार होते. घरी सांगितलं तर सोवळ्यावरून वाट लागेल, म्हणून तिने मण्यांचा डबा गुपचूप मुलुंडच्या घरच्या फ्रीजमध्ये दह्यामागे सरकवला.

सकाळी डबा जागेवर नव्हता. सासूबाईंनी हसतच तिच्या हातात टिफिन ठेवला. "आज संकष्टी, हे लक्षात ठेवून साबुदाणा भिजत घातलास गं! त्याचीच खिचडी दिलीय. शिकलीस हो एकदाची!"



सुलक्षणाला रडताही येईना. लग्नानंतर सासूबाईंनी तिचं कौतुक करायची ही पहिलीच वेळ होती.