तीस फुटांतला मोह

वणव्याची तारीख आधीच कळू लागल्यापासून शेतातल्या घराभोवती तीस फुटांत झाड ठेवायला मनाई होती. यंदा उपग्रहाने नऊ एप्रिल सांगितली. करवतीचा ड्रोन अंगणातल्या मोहाच्या झाडाजवळ आला, तशी चंद्रकला आडवी आली. महिन्यापूर्वी तिने वडिलांची राख त्याच मोहाच्या मुळाशी पुरली होती.

"हा नियम तुझ्या बापानंच साऱ्या गावाले पाठ करवला, पोरी," वनरक्षक मडावी म्हणाले. "अन् तू त्याले नेमकं इथंच ठेवलं."

"मग झाडाऐवजी घर पाडा, काका. मी गावात खोली घेते."

"येडी झाली का? वणव्यात मोह बी जळन."

"जळू द्या. तो बुडातून पुन्हा फुटतो," असं म्हणून ती घर पडण्याआधी बाबांचा चष्मा तेवढा बाहेर आणायला आत गेली.