अकरा दिवसांची सुट्टी

दादा आजही पुढे निघून गेला होता. ओल्या वाळूत त्याच्या बुटांचे ठसे तेवढे दिसत होते. सहासष्टाव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधून, या माणसाला एवढी कसली घाई असते, असं मनाशी म्हणत त्याची बहीण मागून येत होती. तीही साठीला टेकली होती.

मुलांसाठी पुस्तकं लिहिण्यात तिचा जन्म गेला होता. त्यातलं पहिलंच पुस्तक अजून सगळ्यांत जास्त वाचलं जायचं. ती आठ वर्षांची असताना बाबा तिला आणि दादाला घेऊन या किनाऱ्याने अकरा दिवस चालले होते, त्या सुट्टीची ती गोष्ट. पुस्तकाला पस्तीस वर्षं झाली म्हणून प्रकाशकाने नवी प्रस्तावना मागितली, आणि तिने दादाला गळ घातली की पुन्हा एकदा तसंच चालत जाऊ. दादाने महिनाभर आढेवेढे घेतले. मग एका सकाळी नवे बूट घालून तिच्या दारात उभा राहिला.

चालता चालता तिला सगळं आठवत होतं. बाबा शाळामास्तर. खांद्याला पिशवी लावून ते गोष्ट सांगत चालायचे आणि तिचा हात त्यांच्या हातात असायचा. दर बंदरात मुलांना बाहेर बसवून ते कचेरीत रस्ता विचारायला जायचे. एकच नियम जाचक होता. समुद्राने वाळूवर आणून टाकलेली वस्तू आधी दादा बघणार, मग ती. त्यामुळे दादा सदा धावत पुढे. त्याने हात हलवून बोलावलं की मगच बाबा तिचा हात सोडायचे. गोष्टीचा शेवट दादाच्या कानावर कधी पडायचाच नाही. संध्याकाळी मुक्कामाला पोहोचलं की तो तिच्याकडून ऐकून घ्यायचा, आणि तिला आठवलं नाही तर ती बिनदिक्कत मनचा जोडून द्यायची.

पुस्तकात तिने त्या नियमाचा चांगला वचपा काढला होता. तिथे दादाचा घाईराव झाला होता. बहिणीच्या आधी शिंपले लुटणारा, सगळी गंमत चुकवणारा आणि दर प्रकरणात तोंडावर आपटणारा घाईराव. पोरं हसून लोळायची. तिच्याबरोबर शाळांतून दादालाही बोलावणं यायचं. घाईराव तुम्हीच का, असं कोणी विचारलं की तो मान डोलवायचा आणि मुकाट्याने सही करायचा.

सातव्या दिवशी दुपारी ते एका लहानशा बंदरात पोहोचले. कचेरी तीच होती, रंग तेवढा नवा. पाणी भरून घ्यायला दोघं आत गेले. कारकून गप्पिष्ट निघाला. बाबा इथे वहीत काहीतरी लिहिताना तिला दारातून दिसले होते, म्हणून तिने जुन्या नोंदवह्यांची चौकशी केली. बाबांची सही मिळाली तर प्रस्तावनेशेजारी छापता येईल, असं तिच्या मनात आलं.

“कशाला त्यांना त्रास,” दादा म्हणाला. “चल, उशीर होतोय.”

कारकुनाला त्रास नव्हता, उलट वेळ घालवायला काहीतरी हवंच होतं. त्याने वर्ष आणि महिना विचारून घेतला आणि कपाट उघडलं. दादा बाहेर जाऊन बाकावर बसला.

अर्ध्या तासाने वही सापडली. बाबांचं अक्षर तिने लांबूनच ओळखलं. फळ्यावर लिहावं तसं गोल, सुटं. रस्त्याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. ‘पिवळी होडी. माणसे चार. त्यांत माझा धाकटा भाऊ, वय चोवीस, अंगात निळा स्वेटर. किनाऱ्याला काही लागल्यास कळवावे.’ खाली घरचा पत्ता. त्याच्याही खाली वेगळ्या शाईत कोणीतरी लिहिलं होतं, ‘काही आढळले नाही.’

काका बोटीवर नोकरीला लागून परदेशी गेला आणि तिकडचाच झाला, असं तिला सांगितलं होतं. निरोप न घेता गेला म्हणून ती किती दिवस रुसली होती. पुढे त्याचं नाव काढलं की आईबाबा गप्प होतात हे पाहून तिने विचारणंच सोडलं.

ती बाहेर आली. दादाने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि बाकावर सरकून जागा केली. मग पाण्याकडे बघत तो सांगू लागला. काका मित्रांबरोबर होडी घेऊन गेला आणि वादळात सापडला. आजीने अंथरूण धरलं, आई तिच्या उशाशी. धाकटीला त्या रडारडीत ठेवायला नको म्हणून बाबांनी तिलाही बरोबर घेतलं. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी चौदा वर्षांच्या दादाला बाजूला नेऊन काय शोधायचं ते समजावलं. चौथ्या दिवशी खडकाआड काहीतरी निळं दिसलं होतं. तो एकटाच जवळ गेला. फाटक्या जाळ्याचं भेंडोळं निघालं. मागून तिच्या हसण्याचा आवाज येत होता. त्याने डोळे पुसले आणि हात हलवून दोघांना बोलावलं.

“आणि मी तुला घाईराव केलं,” ती म्हणाली. “पस्तीस वर्षं लोक तुला हसले. एकदा तरी सांगायचंस, दादा.”

दादाने गुडघ्याचा पट्टा सैल केला.

“तू आठ वर्षांची होतीस,” तो म्हणाला. “घरातल्या एकाला तरी यंदा सुट्टी मिळू दे, असं बाबांचं आणि माझं ठरलं होतं.”