विजेचा पट्टा

धुळ्याच्या डॉक्टरांनी मूल न होण्याचा दोष भिकनमध्येच असल्याचं सांगितलं, तेव्हा त्याने जाहिरात वाचून मुंबईहून कमरेला बांधायचा विजेचा पट्टा मागवला. पुढच्या वर्षी बायकोला, पुष्पाबाईला, दिवस गेले आणि सगळ्या शिंदखेड्यात पट्ट्याचा गवगवा झाला.

धुळ्यात विजेच्या तारा जोडण्याचं काम करणारा चुलतभाऊ अभिमन सुट्टीला आला. भरल्या ओट्यावर त्याने पट्टा उसवून पाहिला आणि तो हसू लागला. "भाऊ, यामा वीज नही. नुसता तांबाना पत्रा शे. याना गुन कसा येई?"

"मंग दिवस कसा गयात?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

सगळ्यांच्या नजरा घराकडे वळल्या. दारात उभ्या पुष्पाबाईचा चेहरा पांढराफटक पडला.

भिकनने तिच्याकडे पाहिलं आणि अभिमनच्या हातातून पट्टा हिसकावून घेतला. "तुले काय ठाऊक? मी रोज बांधस. माले झिनझिन्या येतस!" तो इतक्या जोरात ओरडला, की पुन्हा कोणी वाद घातला नाही.



खरं तर लाजेपोटी त्याने तो पट्टा एकदाही कमरेला बांधला नव्हता.