मातीतला कापूस

माही जीभ झडो पोरांनो, यातलं अक्षरबी खोटं नाई! तवा तिकडं अमेरिकेत लढाई पेटली होती, अन् आपल्या कापसाले सोन्याचा भाव आला होता. आमी पोरांनी नाचून नाचून, तुडवून तुडवून माह्या बापाची गाडी भरली. इतकी उंच, का वरून परतवाडा दिसे. बैल जुंपले, तं बाप म्हने, "जयवंता कुठी हाये?"

माही धाकटी बहीण जयवंता कुठंच दिसेना. बाप गाडीवर चढला अन् भराभर कापूस खाली मातीत फेकू लागला.

"खुशालराव, येडे झाले का?" कापसाच्या सौद्याले आलेला दलाल बोंबलला. "मातीतला कापूस कोन घेईन? असन पोरगी कुठंतरी!"

"अन् आत दबली असन तं?"

"पोरं पाहाचं काम बायकायचं!"

"तुले किती पोरं हायेत रे?"

दलाल बोटावर मोजू लागला.

"मोजा लागते तुले? नीघ माह्या वावरातून!"

सारी गाडी उपसली, तवा तळाशी जयवंता सापडली. जित्ती!

बरं, एवढं एक मी बनवलं. जयवंता गोठ्यात वासराले टेकून झोपली होती. पन गाडी बापानं खरंच तळापर्यंत उपसली.