आधी आमची मुलं

बालवर्गात एकच जागा उरली होती आणि ऑफिसात दोन मुली होत्या.

दुपार पेंगत होती. पंखा आठवेल तसा फिरत होता. रंगीत काचेतून आलेला निळा उजेड टेबलावर सांडला होता आणि त्यात प्रवेशाची यादी पाण्याखाली पडल्यासारखी दिसत होती. लांबून एक रेल्वे गेली, न थांबता, कुणाच्या तरी झोपेतून जावी तशी.

"आजी, ही मिशनची शाळा. आधी ख्रिस्ती मुलं, मग उरलं तर बाकीची," सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. "नियमच आहे."

खुटबावच्या शेवंताबाईंनी नातीला, प्रांजलला, पुढं सरकवलं. "हिचे आईबाप कंपनीत जात्यात. दिसभर पोरगी सांभाळणारी हीच एक शाळा हाय. आन् धा वर्सं दर शनिवारी माझी गुलछडी तुमच्या चर्चमधी येती. तवा कुणी इचारलं न्हाई, फुलं कुठल्या धर्माची."

"मावशी, फुलांना कुठं शाळंत जायचंय?" शेजारच्या खुर्चीतली अनिता साळवे म्हणाली. तिची रूथ मांडीवर झोपली होती. "दुसरीकडं आमाला कोण पुढं घेतं? ही एकच जागा हाय, जिथं आमचा नंबर आधी."

खोटं नव्हतं ते. मग शेवंताबाईंनी नातीच्या पाठीवर थाप मारली. "म्हण गं."

प्रांजलनं डोळे मिटले. चर्चमध्ये फुलं लावता लावता आजीनं ऐकून घेतलेली प्रभूची प्रार्थना तिनं अख्खी म्हटली, पार आमेनपर्यंत. सिस्टरांचे ओठ नकळत तिच्याबरोबर हलत राहिले.

आमेन झाल्यावर प्रांजलनं कान धरले, जागच्या जागी एक गिरकी घेतली आणि प्रसादासाठी हात पुढं केला.

"अगं बया," शेवंताबाई पुटपुटल्या. सगळं शिकवलं, एवढं सांगायचं राहिलं होतं.

रूथ जागी झाली. पुढं आलेला हात दिसताच ती मांडीवरून उतरली, टेबलाशी गेली आणि डाव्या तळव्यावर उजवा ठेवून तिनंही हात पुढं केला.

"शेजारी आरतीला पळती मेली," अनिता खाली बघत म्हणाली.

दोघींचे हात नेमके यादीवर होते.

सिस्टरांनी पेनचं टोपण काढलं. "हात काढा गं बाळांनो. मला नाव लिहायचंय."

कुणीच काढला नाही. अजून काही मिळालंच नव्हतं.