देवूचा चेहरा

“साहेब, तुमी खोटं बोलताय. माझ्या नवऱ्यानं तक्रार केलेली. टीव्हीवर केलेली,” बायडी म्हणाली. कारखान्यातला स्फोट तिच्या नवऱ्याच्या, देवूच्याच चुकीने झाला, असं अहवालात लिहून कारखान्याचे साहेब मोकळे झाले होते.

तिच्या मुलाने, प्रफुल्लने लॅपटॉप उघडला. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर तो आईच्या मालिका आणि बातम्या रेकॉर्ड करून ठेवायचा. डिस्क भरत आली की फायली दाबून लहान करायचा. ही बातमीही तशीच दाबली गेली होती, आणि वाहिनीकडे मूळ चित्रण उरलं नव्हतं. कारखान्याच्या गेटसमोर हेल्मेट घातलेला माणूस सांगत होता, “टाकीजवळ गॅसचा वास येतो, कोन आयकत नाय.” आवाज स्वच्छ होता. चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन हलत होते.

“हा कोणीही असेल,” साहेब म्हणाले. “चेहरा कुठे दिसतोय?”

बायडी खुर्चीवरून उठली.

“स्फोट झाल्यावर तुमीच आमाला बांधलेली पिशवी दिलीत. हा देवू हाय, उघडू नका, चेहरा उरला नाय, म्हणालात. आमी पाम गावच्या स्मशानात तीच जाळली. तेव्हा चेहरा नसताना त्याला ओळखलात, मग आता का नाय? बोला!”